रात्री लवकर जेवलं तर अल्झायमर टळतो का?

"आईला अल्झायमर आहे. मी रात्रीचं जेवण सातलाच आटोपलं आणि मग सोळा तास काही खाल्लं नाही, तर मला तो होणार नाही ना?" हा प्रश्न मला सतत येतो. त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा दुसराही येतो: "मग आईलाही तसंच ठेवू का?" मी आहारतज्ज्ञ आहे, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं खाणंपिणं सांभाळणं हे माझं रोजचं काम. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सावध होकाराचं आहे. दुसऱ्याचं नेमकं उलट आहे, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते.

आधी तुमच्याबद्दल. अल्झायमरची लक्षणं दिसतात त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचायला लागलेलं असतं. त्यामुळे पन्नाशीच्या आतबाहेर तुम्ही हा विचार करताय, ते अगदी योग्य वयात.

काय खावं, याबद्दल 'माइंड' आहाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. पालेभाज्या, बेरी, कडधान्यं, अख्खी धान्यं, कठीण कवचाची फळं, मासे, ऑलिव्ह तेल भरपूर. लोणी, चीज, लाल मांस, तळलेलं आणि गोड कमी. २०१५ साली त्यांनी ९२३ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. हा आहार काटेकोरपणे पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी आढळलं. हा आकडा आजही सगळीकडे फिरतो. पण २०२३ साली याच आहाराची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, ती मात्र फारशी कोणी सांगत नाही. ६०४ माणसं, सगळी पासष्टीच्या पुढची, घराण्यात स्मृतिभ्रंश असलेली. अर्ध्यांना माइंड आहार दिला, बाकीच्यांना त्यांचंच नेहमीचं खाणं, आणि दोन्ही गटांच्या कॅलरी थोड्या कमी केल्या. तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत आणि विचारक्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही.

यावरून आहाराचा उपयोगच नाही असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं चालणाऱ्या प्रक्रियेसाठी तीन वर्षं थोडीच आहेत. पण जो स्वतःहून नीट खातो, तो बहुधा चालतो, वेळेवर झोपतो आणि तपासण्याही करून घेतो. त्या ५३ टक्क्यांमध्ये या सगळ्याचा वाटा असणार. फिनलंडमधल्या 'फिंगर' अभ्यासात १२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख हे सगळं एकत्र दिलं, तेव्हा बौद्धिक चाचण्यांत फायदा दिसला. म्हणून एखाद्या फळाची किंवा तेलाची भक्ती करू नका, असं मी कळकळीने सांगते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यात मधुमेह, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा आणि वाढलेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल आहे. आहाराचा हात मेंदूपर्यंत पोचतो तो मुख्यतः याच वाटेने.

आता वेळेचं. उपाशी राहण्याची चर्चा वाढली त्यामागे सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला २०२३चा एक प्रयोग आहे. अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना दिवसातले फक्त सहा तास खाणं मिळालं. एकूण खाणं कमी केलं नव्हतं, फक्त वेळ बांधली होती. त्यांची झोप सुधारली, स्मरणशक्ती सुधारली, अमायलॉइडही कमी साचलं. संशोधकांच्या हिशोबाने माणसाच्या बाबतीत हे रोज चौदा तास न खाण्यासारखं होतं. प्रयोग सुंदर आहे, पण उंदरांवरचा आहे, आणि उंदरांत बरा झालेला अल्झायमर माणसांत बरा झालेला नाही, हे या क्षेत्राने वारंवार पाहिलं आहे.

तरीही वेळेचा मुद्दा मी सोडत नाही. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृत, स्वादुपिंड आणि आतड्यांची घड्याळं जेवणाच्या वेळेवर लागतात. तेच ताट सकाळपेक्षा रात्री उशिरा खाल्लं तर रक्तातली साखर जास्त चढते. भरल्या पोटी अंथरुणात गेलं की अनेकांची झोप बिघडते, आणि गाढ झोपेत मेंदू अमायलॉइडचा निचरा करत असतो. एका रात्रीच्या जागरणानंतरही निरोगी माणसांच्या मेंदूत ते वाढलेलं दिसलं आहे. म्हणून माझा सल्ला साधा आहे: झोपण्याच्या तीन तास आधी जेवा, रात्री बारा तास पोटाला विश्रांती द्या, आणि वेळा रोज त्याच ठेवा. सोळा तासांचा हट्ट नको.

आणि आई? तिला उपाशी ठेवू नका.

अल्झायमर झालेल्या माणसाचं वजन घटतं, कधी कधी निदानाच्याही आधीपासून. भूक लागल्याचं कळत नाही, कळलं तर सांगता येत नाही, घास हातात धरून पुढे काय करायचं ते सुचत नाही. वजनासोबत स्नायू जातात, मग पडणं, अंथरूण धरणं, जंतुसंसर्ग. अशा माणसाचं एक जेवण काढून घेणं म्हणजे थेट नुकसान.

वेळेचा उपयोग तिच्यासाठीही आहे, पण वेगळा. संध्याकाळ झाली की अनेक रुग्ण बिथरतात, येरझाऱ्या घालतात, "घरी जायचंय" म्हणतात. त्यांचं मुख्य जेवण दुपारी, ताजंतवानं असताना द्या. संध्याकाळचं हलकं, अंधारायच्या आधी, आणि मधे थोडंथोडं खाणं. रोज त्याच जागी, त्याच वेळी, टीव्ही बंद करून. शक्य असेल तर शेजारी बसून तुम्हीही जेवा, कारण तुमचं पाहून हात तोंडाकडे जातो. "मला जेवायला दिलंच नाही" म्हणाली तर वाद घालू नका, थोडं अजून द्या.

भांड्याच्या रंगानेही फरक पडतो. बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी ठळक लाल भांडी दिल्यावर रुग्णांनी पाव हिस्सा जास्त खाल्लं. पांढऱ्या ताटात पांढरं अन्न त्यांना दिसतच नाही. गोडाची ओढ वाढते, तिथेही फार अडवू नका. घास गालात धरून ठेवत असेल किंवा पाण्याने ठसका लागत असेल, तर मात्र गिळण्याची तपासणी लगेच करून घ्या.

एक गोष्ट आजच करा. आईला इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील आणि जेवण कधी होतं, कधी राहून जातं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. ती गोंधळली तर तो आजाराचाच भाग वाटून जातो. तिने ताट परत केलं तर त्या वेळचा डोस द्यायचा की नाही, आणि तो जेवणानंतर देता येईल का, हे तिच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.