तुम्ही विचारलंत म्हणून : खोट कुणात हाय?

परभणीत एका लॅबमध्ये मी काम करते. गंगाखेड, सोनपेठ, जिंतूरकडून लेकरासाठी तपासण्या करायला बायका येतात, सोबत बहुतेक वेळा सासू. रिपोर्ट हातात पडला की विचारतात, "ताई, खोट कुणात हाय?" आता नात्यातले, गल्लीतले लोकही हेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते. औषधोपचाराचं डॉक्टरच सांगतील. मी फक्त शब्द उलगडते.

खोट हा शब्द कुठल्याही रिपोर्टात नसतो. ‘इन्फर्टिलिटी’ म्हणजे कोणतंही साधन न वापरता वर्षभर प्रयत्न करूनही दिवस न राहणं. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टरांना दाखवावं. ‘इन्फर्टिलिटी’सोबत ‘सेकंडरी’ लिहिलं असेल तर आधी कधीतरी दिवस राहिले होते, एवढाच अर्थ. एक लेकरू असलेल्या घरातही हे होतं.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो ‘पीसीओडी’. सोनोग्राफीवाले ‘गाठी’ म्हणतात आणि घरात कॅन्सरची चर्चा सुरू होते. या गाठी म्हणजे स्त्रीबीजाच्या इवल्या पिशव्या, पूर्ण न वाढता थांबलेल्या. बीज वेळेवर बाहेर पडत नाही म्हणून पाळी लांबते. यावर उपचार आहेत.

‘एएमएच’ कमी आला की पोरी इथेच रडतात. त्यांना मी कणगीचं सांगते. कणगीत धान्य, म्हणजे बाईच्या अंडाशयात बीजं, साधारण किती उरलंय याचा अंदाज रक्ताच्या या तपासणीतून येतो. दाणा उगवेल की नाही हे त्यावरून कळत नाही. आकडा कमी असूनही दिवस राहतात. मात्र वेळ दवडू नये.

‘एचएसजी’त गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात, बीज ज्यातून पिशवीकडे येतं त्या नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला. कधी कधी त्या वेळी नळी आखडते आणि फोटोत बंद दिसते. म्हणून एका फोटोवर कुणाला वांझ म्हणू नका. हा शब्द आता आपल्या तोंडून जायलाच हवा.

‘आययूआय’मध्ये नवऱ्याचं धातू, म्हणजे वीर्य, लॅबमध्ये धुऊन, चांगले शुक्राणू निवडून गर्भपिशवीत सोडतात. ‘आयव्हीएफ’मध्ये बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणतात, ‘इक्सी’त एकच शुक्राणू सुईने बीजात घालतात. सासवा हळूच विचारतात, "दुसऱ्याचं तर घालत न्हाईत ना?" दात्याचं वापरायचं असेल तर जोडप्याची लेखी संमती लागते, 2021 च्या कायद्यात तसं आहे. कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते. जिंतूरकडची एक पोरगी कापडी पिशवीत तीन वर्षांची फाइल घेऊन आली. पाच सोनोग्राफ्या, दोनदा एएमएच, एचएसजी. नवऱ्याची एकही चिठ्ठी नाही. तो बाहेर मोटरसायकलपाशी उभा. त्याची तपासणी सगळ्यात सोपी : दोन ते सात दिवस संबंध टाळायचा आणि डबीत धातू द्यायचं. घरून आणलं तर तासाच्या आत पोचवावं लागतं, म्हणून आमच्याकडे वेगळी खोली आहे. दर मिलिलिटरला 16 दशलक्ष ही काउंटची, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येची, खालची सीमा धरतात. काउंट कमी आला म्हणून लगेच धीर सोडायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मागे येऊन गेलेला कडक तापही आजच्या आकड्यात दिसतो. तपासणी पुन्हा करतात.

हे सगळं मी त्याला बाहेर जाऊन सांगितलं. तो काही बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी एकटाच आला. सवयीने मी डबीवर बायकोच्या फाइलचं नाव लिहायला घेतलं, तर म्हणाला, "ताई, तिचं नगं. माझं नाव लिवा."