‘पुढील शाळेचे नाव’: एका रकान्यात अडकलेला दाखला

मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलं की जो तो पहिलं विचारतो, ‘हे कायद्यात बसतं का?’ त्याचं उत्तर कायदा उघडून वाचला तर तासाभरात मिळतं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडायला मात्र मला एप्रिल ते जुलै लागला. पुण्यात होमस्कूलिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराला हा दाखला कधी ना कधी अडवतोच, त्यामुळे इथे जास्त त्याबद्दलच लिहिते आहे.

आधी कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे. कलम १० म्हणतं की मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. हे वाचून पुष्कळांचं अवसान गळतं. पण पुढे वाचा. हे कर्तव्य पाळलं नाही म्हणून पालकांना दंड किंवा शिक्षा सांगणारं कलम या कायद्यात नाही. ‘सक्तीचं शिक्षण’ म्हणजे काय याचा खुलासा कलम ८ मध्ये आहे आणि तिथे सक्ती सरकारवर आहे: शिक्षण मोफत द्यायचं, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करायची. दंडाचं कलम आहे ते १८ वं, मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्यांसाठी: १ लाख रुपयांपर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला १० हजार. म्हणून सोसायटीतली दहा-बारा मुलं एका फ्लॅटमध्ये जमवून, पाटी लावून, फी घेऊन ‘लर्निंग सेंटर’ काढणाऱ्यांनी हे कलम नीट वाचावं. आपल्याच मुलाला घरी शिकवणं वेगळं आणि हे वेगळं.

‘होमस्कूलिंग’ हा शब्द त्या कायद्यात कुठेच नाही. परवानगी नाही, बंदी नाही, नोंदणी नाही. त्यामुळे कोणी ‘होमस्कूलिंगचं सरकारी रजिस्ट्रेशन’ करून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका, असं काही अस्तित्वातच नाही. आणि ‘पूर्ण कायदेशीर आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवरही विसंबू नका. १४ पूर्ण होईपर्यंत आपण अशा जागेत आहोत जिचं नाव कायद्याने घेतलेलं नाही. हे समजून-उमजून पाऊल टाकावं.

आता दाखला. पाचवीचा निकाल लागायच्या आधीच, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, मी शाळेत अर्ज दिला. अर्जात सरळ लिहिलं होतं की मुलाला यापुढे होमस्कूलिंग करणार आहोत, दाखला द्यावा. तीच चूक झाली. क्लार्कने अर्ज वाचला, संगणकावर दाखल्याचा फॉर्म उघडला आणि विचारलं, ‘पुढच्या शाळेचं नाव?’ नाही म्हटल्यावर, ‘मग दाखला कसा निघेल? त्या शाळेचं मागणीपत्र आणा.’ मुख्याध्यापकांचंही तेच. मग सुट्टी लागली. मे महिन्यात ऑफिस सकाळी दोन-तीन तास उघडं, पण सही करणारं कोणी नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलाचं नाव सहावीच्या हजेरीपटावर आलेलं होतं, आणि पहिल्या सत्राच्या फीचा मेसेजही.

मी शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथून सांगितलं, दाखला देणं हे शाळेचं काम, शाळेशी बोला. शाळा म्हणाली, तसं लेखी आणा. कार्यालय म्हणालं, लेखी द्यायला आमच्याकडे असा विषयच नाही. या दोन टेबलांच्या मधे माझ्या पाच फेऱ्या झाल्या. त्यातल्या तीन फेऱ्या फुकट गेल्या, कारण मी तोंडी बोलत होते. सरकारी कार्यालयात तोंडी बोलणं म्हणजे न बोलल्यासारखंच. अर्ज दोन प्रतींत न्या, एक बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ती तुमची पोच. त्यानंतरच ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जाचं काय झालं’ असं विचारता येतं. उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर तोच प्रश्न विचारा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही, पण अर्ज तयार ठेवला होता.

कोणाकडे जायचं हेही आधी नीट समजून घ्या. महापालिका हद्दीतल्या शाळेचा पहिली ते आठवीचा विषय असेल तर महापालिकेचा प्राथमिक शिक्षण विभाग, हद्दीबाहेर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). नववी-दहावीसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). चुकीच्या ठिकाणी दिलेला अर्ज ‘पुढे पाठवला’ जातो आणि मग तो कुठे आहे हे शोधण्यात महिना जातो.

मी शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवलं: दाखला ताबडतोब द्यावा, विलंब केला तर मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. बरेच लोक हे कलम ब्रह्मास्त्र म्हणून सांगतात. पण त्याचे शब्द नीट बघा. ते ‘दुसऱ्या शाळेत प्रवेश घेण्यासाठी’ मागितलेल्या दाखल्याबद्दल आहे. आमच्या मुख्याध्यापकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

गाठ सुटली ती क्लार्कशी शांतपणे बोलल्यावर. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. यू-डायस प्लस या सरकारच्या शाळा-विद्यार्थी नोंदींच्या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक मुलाला पेन नंबर, म्हणजे कायमचा शैक्षणिक क्रमांक, असतो. मूल शाळा सोडतं तेव्हा त्याची नोंद ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जाते. नवी शाळा तिथून ती आपल्याकडे ओढून घेते. कोणीच ओढून घेतली नाही तर मूल तिथेच राहतं, गळती झालेलं दिसतं, आणि केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे शिक्षण खात्याचे अधिकारी) आधी जुन्या शाळेलाच विचारतात की हे मूल गेलं कुठे. म्हणजे अडवणुकीच्या मागे भीती होती. शाळाबाह्य मुलांच्या यादीत आपल्या शाळेचं नाव नको, इतकंच. हे एप्रिलमध्ये कळलं असतं तर सगळं आठवड्यात झालं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग अर्ज बदलला. ‘होमस्कूलिंग’ शब्द काढला. मजकूर असा: ‘माझा पाल्य इयत्ता पाचवी उत्तीर्ण झाला आहे. त्याचे पुढील शिक्षण घरी व त्यानंतर मुक्त विद्यालयामार्फत करण्याचे आम्ही पालकांनी ठरवले आहे. तरी त्याचे नाव पटावरून कमी करून शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.’ सोबत साध्या कागदावर दोघा पालकांच्या सह्यांचं हमीपत्र: मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी आमची, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात कोणी विचारणा केली तर आम्ही समक्ष माहिती देऊ, शाळेवर जबाबदारी राहणार नाही. आधी स्टॅम्प पेपरवरच्या शपथपत्राची मागणी होती. स्वयंघोषणा चालेल का विचारलं, चालली. हमीपत्राची प्रत शाळेच्या फाइलला लागली आणि चौथ्या दिवशी दाखला तयार.

तो तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. घरी नेऊन वाचू नका. जनरल रजिस्टरचा (शाळेतल्या प्रवेशांच्या मूळ नोंदवहीचा) क्रमांक, मुलाचं, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ गाव-तालुका-जिल्ह्यासह, जात-पोटजात, आधार क्रमांक, हे एकेक बोट ठेवून जन्मदाखल्याशी ताडून बघा. आमच्या दाखल्यावर जन्मस्थळात फक्त ‘पुणे’ होतं आणि तालुक्याचा रकाना रिकामा. क्लार्कने जाडजूड जनरल रजिस्टर काढून मूळ नोंद दाखवली, तिथेही रिकामाच. मूल पटावर असेपर्यंत अशी दुरुस्ती सोपी असते. नाव कमी झाल्यावर रजिस्टरमधली नोंद बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून खरं तर दाखल्याचा अर्ज देण्याआधीच रजिस्टरमधल्या नोंदीचा उतारा मागून तपासायला हवा. ही गोष्ट मला उशिरा सुचली.

‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहून घ्या. ‘सतत गैरहजर’ अजिबात चालवून घेऊ नका. जूनपासून मूल शाळेत जात नव्हतं म्हणून आमच्याकडे तेच लिहिणार होते. म्हणूनच दाखला वार्षिक निकालानंतर, नवं वर्ष सुरू व्हायच्या आत घेणं चांगलं. फीचा घोळही टळतो. शेवटच्या सत्राच्या फीची पावती जपून ठेवा आणि अनामत रक्कम भरली असेल तर ती परत मिळण्याचा अर्ज दाखल्याच्या अर्जासोबतच द्या.

दाखला लॅमिनेट करू नका. जिल्ह्याबाहेर किंवा राज्याबाहेर गेलात तर त्यावर प्रतिस्वाक्षरी लागू शकते. आणि मूळ प्रत कोणाला सहज देऊ नका. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची झाली तर १७ नंबर फॉर्मला मूळ दाखलाच लागतो. नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र, म्हणजे पुन्हा त्याच शाळेची पायरी. पुढे अधिवास प्रमाणपत्र काढतानाही तो लागतो.

मूल शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागेवर शिकत असेल तर दहा वेळा विचार करा. ती जागा प्रवेशस्तराला, म्हणजे शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळते, एकदा सोडली की परत नाही.

शाळेत परत जायची वाट १४ पर्यंत बऱ्यापैकी मोकळी आहे. कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो, कलम १५ नुसार वर्षाच्या मध्येही नाकारता येत नाही. अडचण येते ती नववीत. तिथे आठवीची गुणपत्रिका मागतात. म्हणून महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवी मला महत्त्वाची वाटते. हे मंडळ पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा घेतं. पाचवीसाठी १० वर्षं आणि आठवीसाठी १३ वर्षं पूर्ण लागतात. नाव संपर्क केंद्रामार्फत नोंदवायचं. तुमच्या जवळच्या संपर्क केंद्राच्या शाळेत आधी जाऊन भेटा, कारण केंद्र असलेल्या शाळेतल्या सगळ्यांनाच ते माहीत असतं असं नाही.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची, म्हणजे एनआयओएस. तिचं विभागीय केंद्र पुण्यातच आहे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत. दहावीला १४ वर्षं पूर्ण हवीत आणि आठवीची गुणपत्रिका नसली तरी ‘हा अभ्यासक्रम झेपेल इतकं शिकलो आहे’ अशी स्वतःची घोषणा चालते. घरी शिकलेल्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. पाच विषय, त्यात एक किंवा दोन भाषा, मराठी माध्यमही आहे. पास व्हायला ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षा देता येते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. टीएमए नावाचे गृहपाठ असतात, त्यांना २० टक्के गुण. ते वेळेत न दिल्याने हातचे गुण जातात, आणि हे फार मुलांचं होतं.

एनआयओएसचं अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. दुसऱ्या राज्यातलं एखादं केंद्र ‘सगळं करून देतो’ म्हणत असतं. पुढे इंजिनीअरिंगसारख्या प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार ठरायला दहावी-बारावी राज्यातल्या संस्थेतून झालेली असणं मोजलं जातं, तिथे हा निर्णय महागात पडतो.

नावाचंही आत्ताच ठरवा. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा मुलाचं नाव आधी. एनआयओएसच्या फॉर्मवर विद्यार्थी, वडील, आई असे वेगळे रकाने. तिन्ही ठिकाणी नाव वेगळं पडलं की दुरुस्तीला पुन्हा फेऱ्या. जन्मदाखला आणि आधार एकसारखं करून घ्या, मगच फॉर्म भरा. स्कॅन करताना फोटोवरची सावली आणि अस्पष्ट सही हीही फॉर्म परत येण्याची कारणं आहेत.

पुस्तकांना खर्च जवळपास नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. शिष्यवृत्ती परीक्षा मात्र शाळेमार्फत भरावी लागते, ती सोडून द्यावी लागेल.

नोंदींसाठी एक दोनशे पानी वही पुरते. तारीख, काय वाचलं, कोणती गणितं केली, कुठे गेलो, एवढ्या तीन-चार ओळी रोज. महिन्याच्या शेवटी मुलाच्या हस्ताक्षरातली दोन पानं आणि एक फोटो एका फाइलला लावायचा. सर्वेक्षणाला कोणी दारात आलं तर ही फाइल, जन्मदाखला, दाखल्याची झेरॉक्स आणि हमीपत्राची पोच असलेली प्रत पुढे ठेवायची. मी ती दाराजवळच्या कपाटात वरच्याच कप्प्यात ठेवली आहे.