पाण्यात उतरवलं, वाळूत नाही

१७ एप्रिल २०२१ ला फ्लोरिडातल्या कोको बीचवर एअर शो चालू होता. दुसऱ्या महायुद्धातली विमानं एकामागून एक किनाऱ्यालगत जात होती, आणि त्यातल्या एका टीबीएम ॲव्हेंजरमध्ये, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या जुन्या टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानात, बिघाड झाला. वैमानिकाने ते किनाऱ्याला लागूनच, लाटांत डुंबणाऱ्या लोकांच्या अगदी जवळ, उथळ पाण्यात उतरवलं. त्याला काही झालं नाही आणि पाण्यातल्या कोणालाही लागलं नाही.

मी नौदलात पाणबुड्या शोधणाऱ्या अलिझे विमानांवर काम केलंय, गोव्यात दाबोळीला आणि विक्रांत या विमानवाहू जहाजावरही. अलिझेसुद्धा ॲव्हेंजरच्याच जातीचं: एकच इंजिन, तीन माणसं, पंख दुमडून जहाजाच्या पोटात ठेवायचं. त्यामुळे व्हिडिओ बघताना माझी नजर आधी चाकांकडे गेली. चाकं आत होती, आणि माझा जीव भांड्यात पडला. ती बाहेर असती तर पाण्यात अडकून विमान नाकावर गेलं असतं, कदाचित उताणंही झालं असतं. मग आतल्या माणसाने उलटं लटकून, नाकातोंडात पाणी जात असताना पट्टे सोडवायचे.

इतक्या कमी उंचीवर इंजिनाने दगा दिला की हात आपसूक स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, मागे ओढायला जातो. तिथेच घात होतो. नाक खाली ठेवून वेग राखला नाही, तर पंख विमानाला उचलून धरेनासे होतात. ॲव्हेंजर रिकामंच जवळपास पावणेपाच टनांचं. समोर माणसांची डोकी दिसत असताना त्याने ते शेवटपर्यंत सपाट धरलं, किनाऱ्याला समांतर ठेवलं आणि पोटावर टेकवलं. तो उडालेला फवारा मी थांबवून थांबवून पाहिलाय. विमान सरळच गेलं.

२ ऑगस्ट २०१७ ला लिस्बनजवळच्या कॉस्टा द कापारिकाच्या गजबजलेल्या किनाऱ्यावर एक सेसना १५२, दोन आसनांचं छोटं विमान, वाळूवर उतरलं. विमानातले दोघं वाचले. किनाऱ्यावरचा एक माणूस आणि आठ वर्षांची मुलगी गेली. सेसनाची चाकं आत घेता येत नाहीत, पाण्यात त्या दोघांना जास्त धोका होता, हे मला कळतं. तरीही तो धोका विमानातल्यांनीच घ्यायला हवा होता असं मी म्हणेन. त्या मुलीला वर काय चाललंय याची कल्पनाही नसणार.

कोको बीचचं ॲव्हेंजर टायटसव्हिलच्या व्हॅलियंट एअर कमांड म्युझियमचं, वर्षानुवर्षं खपून उडण्याजोगं केलेलं. ते समुद्रातून बाहेर काढलं, पण त्यामागचं काम डोळ्यांपुढे आलं की पोटात गोळा येतो. आम्ही समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवायचो. हयगय झाली की रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी धरायची, आणि नखाने खरवडली की खाली ॲल्युमिनियमला बारीक खड्डे. इथे तर राइट कंपनीचं चौदा सिलिंडरचं इंजिनच खाऱ्या पाण्यात गेलं.

ही विमानं उडत राहावीत असं मला मनापासून वाटतं. पण ती जात असताना पाण्यात माणूस नको, गुडघाभर पाण्यातसुद्धा नको. त्यांचा मार्ग समुद्रात आणखी आत न्यावा, प्रेक्षकांच्या फोटोत ती लहान दिसली तरी चालेल. आणि त्या मार्गालगत बचावाच्या बोटी इंजिन चालू ठेवूनच उभ्या असाव्यात, कारण खोल पाण्यात वैमानिकाला बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही.