कन्व्हर्टरची नोंद: द्रावण तांब्यावर चढलं

गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीतून प्लॅटिनम आणि पॅलेडियम आम्लात विरघळवून काढतोय. जाळीच्या तुकड्यांची धुलाई उरकली आणि सगळं द्रावण एकत्र करून त्यात तांब्याची पट्टी सोडली आहे, म्हणजे विरघळलेला धातू तिच्यावर बसेल. पट्टीवर काळा, मऊ गाळ धरू लागलाय.

जाळी कॉर्डिराइट सिरॅमिकची आहे, मधाच्या पोळ्यासारखी. धातू त्या सिरॅमिकमध्ये नसतो. भिंतींवरच्या ॲल्युमिना-सिरियाच्या (ॲल्युमिनियम आणि सिरियम यांच्या ऑक्साइडच्या) पातळ थरात अतिसूक्ष्म कणांनी विखुरलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम मिळून एका कन्व्हर्टरमध्ये जेमतेम काही ग्रॅम. म्हणून जाळीचं पीठ न करता जाडसर तुकडेच ठेवले. आम्लाला आत शिरायला भोकं आहेतच. पीठ केलं की गाळणकागद तुंबतो, आणि ती धूळ फुप्फुसांना फार वाईट.

खरी मेहनत आम्लाच्या आधीची. वापरलेल्या जाळीत पॅलेडियमचा बराच भाग ऑक्साइड झालेला असतो आणि ऑक्साइड आम्लात सहजी उतरत नाही. त्यामुळे आधी तुकडे भाजून काजळी घालवली, मग पातळ, कोमट फॉर्मिक आम्लात मुरवून ऑक्साइडचा पुन्हा धातू केला. हा टप्पा घाईत गाळला जातो. माझ्या मते धातूचा उतारा इथेच ठरतो.

पुढे हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं. सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), कारण क्लोरीन सुटतो. रोडियमची आशा धरलेली नाही. ते अम्लराजालाही (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणालाही) सहजी दाद देत नाही.

धुणं कधी थांबवायचं, ते स्टॅनस क्लोराइड (कथिलाचा क्षार) सांगतं. धुवणाच्या थेंबावर त्याचा थेंब टाकायचा: प्लॅटिनम असेल तर पिवळा-नारिंगी, पॅलेडियम असेल तर हिरवट-तपकिरी. शेवटच्या धुवणात रंग उमटेनासा झाला, तेव्हाच थांबलो. ऑक्सिडायझर (पेरॉक्साइड किंवा क्लोरीन) शिल्लक असेल तर रंग येऊन उडतो, आणि तोच ऑक्सिडायझर पुढे तांबंही खात बसतो. त्यामुळे पट्टी सोडण्याआधी द्रावण मंद आचेवर बराच वेळ ठेवलं होतं.

गाळ पुन्हा विरघळवून अमोनियम क्लोराइडने प्लॅटिनमचा पिवळा साका पाडायचा आहे. मागे उरलेल्या द्रावणात डायमिथाइलग्लायऑक्झिमने पॅलेडियम तपासेन. साका ओलाच हाताळणार. प्लॅटिनमच्या क्लोराइड क्षारांची धूळ श्वासात गेली तर दम्यासारखी ॲलर्जी जडते, आणि ती एकदा जडली की पुढे अत्यल्प मात्राही पुरते.

तोवर पट्टी द्रावणातच. वरच्या पाण्यात स्टॅनसला रंग येत राहिला तर ती हलवणार नाही.