रजिस्ट्री आधी दाखवा

मृत्युपत्र लिहिणं हे अर्ध्या तासाचं काम. खरा वेळ जातो तो कागद वाचण्यात, आणि तेवढा वेळ द्यायला आमच्याच वकिलीतले लोक तयार नसतात.

इंदूरच्या लोकमान्य नगरातले एक नाना मुलीबरोबर आले. वय ऐंशीच्या पुढे. दुसऱ्या एका वकिलाचा मसुदा हातात होता, फक्त सह्या बाकी. मुलीला मी बाहेर बसवलं. ज्याला मिळायचं आहे तो लिहिताना शेजारी नको. साक्षीदार म्हणून जावई चालेल का, तर तोही नको. शेजारी आणि नेहमीचे डॉक्टर बरे. दोघांनी नानांना सही करताना पाहायचं, मग नानांसमोर आपल्या सह्या करायच्या. उद्या वाद झाला तर कोर्टात यांच्यापैकीच कुणीतरी उभं राहणार, म्हणून नानांपेक्षा वयानं लहान असलेले बघायचे.

मसुद्यात होतं, "माझ्या मालकीचे घर मुलीस." रजिस्ट्री, म्हणजे घराचं नोंदवलेलं खरेदीखत, उघडली तर खरेदीदार काकू, नानांच्या पत्नी. शाळेत शिकवायच्या, घर त्यांच्याच पगारातलं. दोन वर्षांपूर्वी गेल्या.

"तिचं ते माझंच ना?" नाना म्हणाले.

नाही. मृत्युपत्र नसल्यानं 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं काकूंचं घर नवरा, मुलगा, मुलगी यांना सारखं जातं. म्हणजे नानांकडे फक्त एक तृतीयांश. काकू जाताना म्हणाल्या होत्या, घर ताईला, म्हणजे याच मुलीला. त्यांचं सगळं ताईनंच केलं होतं. पण तोंडी मृत्युपत्राची मुभा युद्धावरच्या सैनिकासारख्या मोजक्यांनाच आहे.

इतक्या घरांत मी जाते, मृत्युपत्राचा विषय निघतो तो पुरुषाचा. बाईच्या नावावर घर, एफडी, सोनं असतं आणि तिला कुणीच विचारत नाही. काकूंनी एका कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तरी पुरलं असतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. ही बाई आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासत होती, तिला हे जमलं नसतं का? मला याचा संताप येतो.

नानांच्या एक तृतीयांश हिश्श्याचं मृत्युपत्र केलं. डॉक्टरांचा दाखला जोडला, नोंदणीही करून घेतली. मुलाच्या हिश्श्याला सरळ वाट: त्यानं बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र रजिस्टर करून द्यायचं. नानांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. "दिवाळीत आलो की बोलू," मुलगा म्हणाला. ताईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही; नानांनीच तसं बजावलंय.