तुमच्याकडे जेवतो, मग घरी का नाही?

संध्याकाळी मुलांना न्यायला कुणी आलं की दारातच पहिला प्रश्न येतो, "जेवला का?" मी हो म्हटलं की पुढचा ठरलेलाच. "काकू, तुमच्याकडे कसा हो जेवतो? घरी एक घास पोटात जायला अर्धा तास लागतो." त्यात कौतुक थोडं असतं, तक्रार जास्त, आणि तळाशी थोडंसं दुखावलेपणही असतं. पाळणाघर चालवून मला एकवीस वर्षं झाली. दारात उभ्या उभ्या मी "चार पोरं बघून खातो हो" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज उरलेलंही सांगते.

तुमचं मूल माझ्याकडे जेवतं, कारण ते जेवलं नाही तरी मला वाईट वाटत नाही.

कानाला कठोर लागेल, पण तसंच आहे. दुपारी बाराला ताटं मांडते, सगळ्यांना सारखीच. मीही त्यांच्यातच बसून जेवते. कुणी दोनदा मागून घेतं, कुणी नुसतं चिवडत बसतं. वीस-पंचवीस मिनिटांनी ज्याचं झालं तो उठतो, मी ताट उचलते आणि त्यात किती उरलंय यावर अवाक्षर काढत नाही. साडेतीनला पुन्हा खायला मिळणार हे त्यालाही ठाऊक असतं.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. माझी मुलगी लहान होती तेव्हा वाटी घेऊन घरभर तिच्या मागे फिरणाऱ्यांतलीच मी होते. ती गालात घास धरून बसायची आणि मी "गिळ, गिळ" करत समोर बसायचे. अडीच वर्षांची असताना एका रात्री तिने वाटी ढकलली, सगळं सांडलं, आणि मला रडू फुटलं. ती थोडा वेळ बघत राहिली. मग चमच्याला चिकटलेलं होतं तेवढं तिने स्वतः तोंडात घातलं आणि म्हणाली, "रडू नको, मी खाते." त्या रात्री मला झोप लागली नाही. अडीच वर्षांचं लेकरू आईची समजूत काढायला जेवत होतं. तिला भूक होती की नव्हती, हा प्रश्न त्यात कुठे उरलाच नव्हता.

पुढे या कामाच्या निमित्ताने वाचायला लागले. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, हे बहुतेक आयांना माहीत असतं. त्यानंतर वाढीचा वेग एकदम उतरतो, आणि दोन ते पाच या वयात वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो भर पडते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. वाढ मंदावली की भूकही मंदावणारच. नेमक्या त्याच काळात मुलाला "नाही" म्हणायची गोडी लागते आणि अनोळखी पदार्थाची धास्तीही वाटायला लागते. तिन्ही गोष्टी एकदम येतात आणि आपण म्हणतो, "आधी सगळं खायचा हो, आता नखरे करतो."

लिअन बर्च या अमेरिकन संशोधक. मुलांच्या खाण्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. १९९१ साली त्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांच्या खाण्याचं सहा दिवस मोजमाप मांडलं. एकेका जेवणाचा काही भरवसा नव्हता, आत्ता भरपूर तर मग काहीच नाही. पण दिवसभराची बेरीज केली की रोजचा आकडा बराच जवळ जवळ यायचा. म्हणजे हिशोब मुलाच्या पोटात चालू असतो. आपण एका ताटाकडे बघून घाबरतो.

त्याच्याही कितीतरी आधी क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाईंनी नुकत्याच वरच्या अन्नावर आलेल्या पंधरा बाळांना समोर मांडलेल्या पदार्थांतलं हवं ते निवडू दिलं होतं. जवळ बसलेल्या परिचारिकेने सुचवायचं नाही, भरवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. कुणी न्याहरीला संत्र्याचा रस आणि कलेजी घेई, कुणी रात्री अंडी, केळी आणि दूध. तरी मुलं छान वाढली. (बाळांना वर्षानुवर्षं असं प्रयोगासाठी ठेवायला आज कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.) या प्रयोगाचा दाखला देऊन "मुलांना हवं ते खाऊ द्या" म्हणणारे एक गोष्ट गाळतात. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, पाकिटातलं काही नव्हतं. सगळी खुबी त्या यादीतच होती, असं १९३९ साली निष्कर्ष मांडताना बाईंनी स्वतःच सांगितलं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ हीच वाटणी रोजच्या भाषेत सांगतात: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. माझं पाळणाघर याच्यावरच चालतं. घरी बऱ्याचदा उलटं होतं. काय बनवायचं ते मूल ठरवतं आणि किती घास ते आई.

जबरदस्तीचं म्हणाल तर, बर्चबाईंनी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या एका प्रयोगात मुलांना दोन सूपं दिली होती. ज्या सूपाला "संपव बरं" अशी भुणभुण लावली, ते मुलांनी कमी खाल्लं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. "भाजी संपवलीस तर चॉकलेट" यातून मूल एवढंच शिकतं की भाजी हे भोगायचं काहीतरी आहे आणि चॉकलेट हे त्याचं बक्षीस. मी कधीमधी गोड तुकडा जेवणाबरोबर ताटातच वाढते. सुरुवातीला मुलं तो आधी संपवतात. संपवू देत.

बिस्किटाचं मात्र मी कडक ठेवलंय. पडला, रडला, आईची आठवण आली, की हातात बिस्किट, हे माझ्याकडे चालत नाही. बिस्किटाशी माझं वैर नाही, खाण्याच्या वेळेला मीच देते. पण आई गेल्यावर जे पोटात कालवतं ती भूक नसते, आणि रोज त्यावर खाऊ दिला तर मूल दोन्हींत गल्लत करायला लागतं. मी मांडीवर घेते. म्हणते, "आई गेली म्हणून राग आलाय ना?" बहुतेक वेळा रडणं आणखी वाढतं. नव्या मदतनीस मुली घाबरतात, त्यांना वाटतं काकूंनी बिघडवलं. पाच-दहा मिनिटांत ओसरतं. हळूहळू साडेतीन वर्षांचं मूल "मला भूक नाही, मला राग आलाय" असं सांगायला लागतं. सगळीच सांगतात असं नाही.

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, जो दारात सांगायला मला कधी सवड मिळत नाही. दिवसभर गुण्यागोविंदाने राहिलेलं मूल तुम्हाला बघताच चप्पल भिरकावतं, जमिनीवर लोळण घेतं. तुम्ही ओशाळता. "तुमच्याकडे शहाणा, मला बघितलं की सुरू!" अहो, आठ-नऊ तास त्याने स्वतःला आवरून धरलेलं असतं. माझ्यापाशी ते सोडायची त्याची हिंमत नाही, तुमच्यापाशी आहे. याच अवस्थेत ते रात्रीच्या ताटावर बसतं, दमलेलं, आणि तुम्हीही दमलेल्या. माझ्या दुपारशी त्या रात्रीची तुलना करू नका. घरी गेल्यावर स्वयंपाकघरात शिरण्याआधी दहा मिनिटं नुसतं मांडीवर घेऊन बसून बघा, फोन बाजूला ठेवून. आणि रात्री तो दोनच घास खाऊन उठला तर दुपारचं माझ्याकडचं आठवा.

दूध किती देता, तेही बघा. अर्धा लिटरच्या वर दूध पोटात जात असेल तर जेवायला जागा कुठून उरणार? लोहही कमी पडतं.

आणि "खाईल हो भूक लागली की" हे माझं पालुपद आंधळेपणाने ऐकू नका. एका मुलीच्या आईला मी दोन आठवडे हेच ऐकवत राहिले. शेवटी डॉक्टरांनी घसा बघितला तर टॉन्सिल इतके सुजले होते की तिला गिळवत नव्हतं. त्या आईला तोंड दाखवायची मला लाज वाटली. वजन घटतंय, खाताना ठसका लागतो, वारंवार उलटी होते, खाण्यातले मोजके पदार्थही एकेक करून सुटत चाललेत, यातलं काही दिसलं तर माझ्याकडे नका येऊ, डॉक्टरांकडे जा.

सध्या माझ्याकडे एक तीन वर्षांचा मुलगा आहे. वाटाणे ताटात आले की तो ते काठावर ओळीने मांडून ठेवायचा. एकही खायचा नाही. नवा पदार्थ आपलासा करायला मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही तो समोर यावा लागतो. याचं दोन महिने चाललं होतं. काल त्याने ओळीतला शेवटचा वाटाणा उचलला, तोंडात टाकला, आणि माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायले.

संध्याकाळी बाबा न्यायला आले. "जेवला का?" सांगायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण सांगितलं असतं तर रात्री घरी वाटीभर वाटाणे शिजले असते आणि सगळं घर टाळ्या वाजवायला ताटाभोवती बसलं असतं.

"जेवला," मी म्हणाले.