उंदीर आणि कर्ण

शाळेत आमच्या गणिताच्या सरांची एक सक्ती होती. उदाहरण दोनदा वाचायचं, आणि पहिल्या वाचनाच्या वेळी पेन बाकावर ठेवायचं. आम्हा पोरांना तो शुद्ध वेळेचा अपव्यय वाटायचा. या सक्तीचा मला खरा उपयोग झाला तो बोर्डाच्या परीक्षेत नव्हे, तर पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर, एका उंदरामुळे.

मायक्रोमाउस नावाची स्पर्धा असते. दोन चाकं, बॅटरी, पुढे आणि बाजूंना डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकून भिंत ओळखणारे सेन्सर असलेलं छोटंसं यंत्र, म्हणजेच उंदीर, भूलभुलैयाच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि हात मागे घ्यायचे. रिमोट नाही, वायर नाही. मधल्या चार घरांपर्यंतचा रस्ता त्याने स्वतः शोधायचा. पूर्ण आकाराच्या भूलभुलैयात, म्हणजे मेझमध्ये, १६ बाय १६ म्हणजे २५६ घरं. प्रत्येक घर १८ सेंटिमीटरचं, भिंती ५ सेंटिमीटर उंच, बाजूंनी पांढऱ्या, वरून लाल आणि जमीन काळी. हे रंग शोभेसाठी नाहीत. सेन्सरचा प्रकाश पांढऱ्यावरून परततो, काळ्यात जिरतो. पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये ही स्पर्धा व्हायची. तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी त्यासाठी उंदीर बांधायला घेतला.

आमचा पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच होता: डावी भिंत धरून चालत राहायचं, कधीतरी पोहोचूच. ही युक्ती एकदा चालली होती. १९७९ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत बाहेर पडायचं दार भूलभुलैयाच्या कडेलाच होतं, आणि भिंत धरून पळणाऱ्या बिनडोक पण चपळ यंत्राने विचार करणाऱ्या यंत्रांना मागे टाकलं. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या स्पर्धेसाठी पोर्ट्समथ पॉलिटेक्निकच्या जॉन बिलिंग्जली यांनी मुक्काम मध्यभागी नेला. मधल्या भिंती कडेच्या भिंतींपासून सुट्या ठेवल्या की कड धरून चालणारा कितीही फिरो, मध्यात पोहोचत नाही. नियम एका ओळीने बदलला आणि घोकंपट्टी बाद झाली! आपल्या परीक्षा मंडळांना हे का सुचू नये, हा प्रश्न मला अजून पडतो.

तेव्हा उंदराला नकाशा काढणं भाग पडलं. त्याची रीत अशी. मधल्या चार घरांत पाणी सोडलं आणि ते घराघरांतून पसरत गेलं, तर कोणत्या घरात ते कितव्या टप्प्याला पोहोचेल, तो आकडा त्या घराला द्यायचा. मध्यात शून्य, शेजारी एक, मग दोन. भिंतीच नसत्या तर कोपऱ्यातल्या पहिल्या घराला चौदा मिळाले असते. उंदीर नेहमी कमी आकड्याच्या घराकडे सरकतो. वाटेत भिंत आडवी आली की तिची नोंद करतो, सगळे आकडे नव्याने मांडतो आणि पुढे निघतो. न पाहिलेली भिंत नाहीच, असं धरून चालायचं. या अल्गोरिदमचा हा भाबडेपणा मला फार आवडतो. मध्य गाठला की परत येतानाही तो राहिलेली घरं चाचपतो. ही झाली शोधाची फेरी, सावकाश करायची. खरी धाव त्यानंतर. सरांचं पहिलं वाचन म्हणजे दुसरं काय होतं?

उंदराचा मेंदू म्हणजे एटीमेगा १६ ही चिप, तिची रॅम (कामापुरती स्मृती) जेमतेम १ केबी, म्हणजे १०२४ बाइट. पण घरं २५६ आणि एका बाइटमध्ये मावतात ० ते २५५, त्यामुळे अख्खा मेझ २५६ बाइटमध्ये बसला. चाकाचं गणित त्याहून सोपं. स्टेपर मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. चाकाचा परीघ १८ सेंटिमीटर ठेवला की एक फेरी म्हणजे एक घर. परीघ भागिले पाय, व्यास साधारण ५.७३. आठवीचं गणित, पण लेथवर चाक तासून घेताना मिस्त्रींना तो दशांशापुढचा आकडा पटवता पटवता नाकी नऊ आले. बाकीचं सामान पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, घासाघीस करून.

सगळ्यात छळलं ते उजेडाने. उन्हात इन्फ्रारेड असतं, पिवळ्या दिव्यांत असतं, आणि प्रेक्षकांपैकी कुणी फ्लॅश मारला की उंदराला नसलेली भिंत दिसते. उपाय असा की आधी सेन्सरचा आपला दिवा (एलईडी) बंद ठेवून सेन्सर वाचायचा, मग चालू करून, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. उरतो तो आपला प्रकाश. इथेही दोनदा वाचणं आलंच.

पवईत आमचा उंदीर मध्यात पोहोचला. वेळ सांगण्यासारखी नव्हती. तोवर आम्ही जपानी उंदरांचे व्हिडिओ पाहून ठेवले होते. जपानमध्ये ही स्पर्धा १९८० पासून भरते, आणि तिथले उंदीर जिन्यासारखा डावा-उजवा रस्ता आला की वळतच नाहीत, तिरपे सुसाट जातात. प्रत्येक घरामागे ९ आणि ९ अशा १८ सेंटिमीटरऐवजी त्यांचा कर्ण, म्हणजे १२.७. वाचलेल्या अंतराहून मोठा फायदा हा की दर वळणाला वेग मारावा लागत नाही. पायथागोरसचं प्रमेय मी शाळेत कितीदा सिद्ध केलं असेल, पण त्याला पळताना पाहिलं ते तिथे. आमच्या उंदराला मात्र हे जमणारं नव्हतं. तिरप्या वाटेत भिंतींचे कोपरे जवळ येतात, आणि आमचा गडी अंगाने आडवा.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या तुकडीने तिला एक मेझ द्यायचं ठरवलं आहे. पूर्ण मेझची बाजू २.८८ मीटर भरते, ती प्रयोगशाळेत मावणार नाही, म्हणून ८ बाय ८ घरांचा करतोय. भिंती सुट्या आहेत, हवी तशी मांडणी करता येईल. मांडणी नववीने करावी आणि दहावीला आधी दाखवू नये, एवढी एकच अट आम्ही घातली आहे. मोटारी आणि सेन्सर पुण्याहून आणून देण्याचं काम माझ्याकडे.